सायकलच्या चाकातले छर्रे घरीच धुवा, घरीच भरा

मृगाच्या आधी शेतीची सगळी अवजारं एकदा तपासून ठेवायची आपल्याकडची रीत आहे. वखराच्या पासेला धार लावून येते, फवारणी पंपाचे वायसर बदलले जातात, बैलगाडीच्या चाकाला वंगण पडतं. सायकल मात्र तशीच कुडाला टेकलेली राहते. तिच्या वाट्याला फार तर दोन थेंब तेल येतं, आणि तेही बाहेरून. मग श्रावणात चाक करकरायला लागतं, भादव्यात डुलायला लागतं, आणि दिवाळीपर्यंत मिस्त्री सांगतो की कोन गेला, वाटी गेली, एक्सलही पाहावा लागेल.

हे टाळायला लागते एक दुपार, थोडं डिझेल, मूठभर ग्रीस आणि दोन पाने. ज्यांनी आजवर सायकलचं चाक उघडलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना मिळालेल्या सायकली गावोगाव आहेत. त्या चालवणाऱ्या मुलींनाही हे काम सहज जमेल. याला ताकद फारशी लागत नाही, हात थोडा हलका असावा लागतो.

एक गोष्ट आधी पाहून घ्या. गिअरच्या काही नव्या, महागड्या सायकलींच्या चाकात बंद बेअरिंग असतं, मोटारसायकलच्या चाकात असतं तसं. ते खोलून भरायचं नसतं, खराब झालं की अख्खं बदलायचं. पुढे जे सांगितलं आहे ते सुट्या छर्ऱ्यांच्या, म्हणजे बारीक पोलादी गोळ्यांच्या, हबसाठी. आपल्याकडची साधी काळी सायकल, लेडीज सायकल, लहान पोरांची सायकल, बहुतेक सगळ्या याच प्रकारात येतात.

आत काय असतं

चाकाच्या मधोमध, जिथे सगळे स्पोक येऊन अडकतात, तो हब. त्याच्या दोन्ही टोकांना आतून पोलादी वाट्या दाबून बसवलेल्या असतात. हबच्या आरपार एक्सल जातो. एक्सलवर आटे असतात आणि त्या आट्यांवर दोन्हीकडून एकेक कोन, म्हणजे निमुळत्या तोंडाचा नट, चढवलेला असतो. वाटी आणि कोन यांच्या मध्ये गोल खाच राहते, तिच्यात छर्रे. चाक फिरतं तेव्हा वाटी फिरते, कोन जागेवर राहतो आणि दोघांच्या मधून छर्रे घरंगळतात. तुमचं वजन, मागच्या कॅरिअरवरचं खताचं अर्धं पोतं, दुधाची कॅन, सगळा भार शेवटी या छर्ऱ्यांवर येतो, आणि कुठल्याही एका क्षणी तो त्यातल्या मोजक्या छर्ऱ्यांवरच असतो.

म्हणूनच आत शिरलेली माती इतकी महाग पडते. आपली काळी माती बारीक, पण ती एकटी येत नाही. पांदणीवरचा मुरूम आणि सडकेवरच्या गिट्टीची भुकटी तिच्याबरोबर येते. जुन्या ग्रीसमध्ये ती कालवली गेली की जी पेस्ट होते, तसलीच पेस्ट गॅरेजवाले इंजिनाचे व्हॉल्व घासायला मुद्दाम वापरतात. ती तुमच्या हबमध्ये रोज फिरते. भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या पट्ट्यात मातीपेक्षा पाण्याचा त्रास जास्त. रोवणीच्या दिवसांत बांध्यांमधून सायकल ढकलत नेली की हबमध्ये पाणी जातं, ग्रीस पांढुरकं, दह्यासारखं होतं आणि पोलादावर गंजाचे ठिपके उठतात. ठिपके पुढे खड्डे होतात. खड्डा पडलेला कोन कितीही ग्रीस लावलं तरी गुळगुळीत फिरत नाही.

आता बाहेरून सोडलेल्या तेलाचं. कोनाच्या फटीत टाकलेला थेंब आत थोडासाच जातो, उरलेला बाहेर राहून धूळ धरतो. जो आत जातो तो ग्रीस पातळ करतो आणि ते हळूहळू ओघळून येतं. जुन्या काळ्या सायकलींच्या हबला मधोमध एक छोटं भोक असतं, त्यावर पत्र्याचा चाप. ते तेलासाठीच ठेवलेलं आहे. पण तेलावर चालवायचं ठरवलं तर दर थोड्या दिवसांनी न चुकता तेल सोडावं लागतं, आणि न चुकता कोणी सोडत नाही. त्यामुळे मी ग्रीसच्या बाजूने आहे. हबवर जो रंगीत गोंडा बांधतात, तो हबचं नळकांडं चमकवतो. आतल्या छर्ऱ्यांना त्याचा काही उपयोग नाही. बांधायचा तर हौसेने बांधा.

तेलांचा विषय निघालाच आहे तर घरातलं कुठलंही तेल हबमध्ये नको. जवसाचं तर मुळीच नको. ते हवेत सुकून त्याचा चिवट थर होतो, म्हणून तर ते रंग-वार्निशात जातं. खोबरेल थंडीत गोठतं. मोटारसायकलचं जळकं ऑइल फुकट मिळतं म्हणून लोक सर्रास सोडतात, पण त्यात इंजिनाच्या झिजेचे धातूचे कण असतात. जे बाहेर काढायला आपण चाक खोलतो आहोत, तेच पुन्हा आत घालायचं कशाला?

खोलायची गरज आहे का, हे कसं ओळखायचं

सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करा. पुढचं चाक हाताने हळू फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं चिमट्यावर, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्यांवर, ठेवा. चांगलं बेअरिंग असेल तर बोटांना काही कळणार नाही. बारीक खरखर जाणवली तर आत माती आहे किंवा ग्रीस वाळलंय. खटके लागत असतील तर छर्रा फुटला असेल किंवा कोनावर खड्डा पडला असेल.

मग रिम धरून चाक डाव्या-उजव्या बाजूला हलवा. हललं तर कोन सैल आहे. अजिबात हलत नाही पण फिरतानाही जड जातं, तर कोन गरजेपेक्षा जास्त कसलाय. हे दुसरं जास्त वाईट, कारण डुलणारं चाक लगेच लक्षात येतं आणि जड चाक मात्र महिनोन्‌महिने तसंच दामटलं जातं. सायकल जड चालते म्हणून पोरगा हवेला आणि चेनला दोष देत राहतो.

तिसरी परीक्षा मिस्त्री लोकांची आवडती. व्हॉल्व बाजूला, घड्याळात नऊ वाजता काटा असतो त्या जागी आणून चाक सोडून द्या. व्हॉल्वच्या वजनाने चाक आपोआप खाली आलं, थोडं पुढे-मागे झुललं आणि थांबलं, तर बेअरिंग मोकळं आहे. फक्त ब्रेक रबर रिमला घासत नाही ना, हे आधी पाहून घ्या.

यातलं काहीच नसलं तरी वर्षातून दोनदा खोलावं असं माझं मत. एकदा मृगाच्या आधी आणि एकदा पावसाळा सरल्यावर, कापूस वेचणीची धांदल सुरू व्हायच्या आत. आणि नाल्याच्या पाण्यात सायकल हबपर्यंत बुडाली असेल तर तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात.

जमवाजमव

पाने. एक्सलच्या बाहेरच्या नटांसाठी साधा पाना किंवा सायकलवाल्यांकडचा अनेक खाचांचा डंबेल पाना. कोनासाठी मात्र पातळ, चपटा पाना लागतो, कारण कोनावर पाना धरायला जी जागा असते ती दोन-तीन मिलिमीटरचीच. जाड पाना तिथे बसत नाही, बसला तर बाजूच्या नटालाही धरतो. हा कोन पाना तालुक्याच्या सायकल स्टोअरमध्ये मिळतो, स्वस्त असतो, एकदा घेतला की पुरतो. पक्कडीने कोन फिरवू नका. कोनाचे काठ एकदा गोल झाले की पुढे कुठलाच पाना तिथे टिकत नाही.

धुवायला डिझेल. रॉकेल मिळालं तर तेही चालतं, पण ते हल्ली सहज मिळत नाही. पेट्रोल नको, उन्हाळ्यात अंगणात उघडं पेट्रोल आणि जवळपास चूल, हा धोका कशाला घ्यायचा. त्याशिवाय एक ताटली, जुन्या धोतराच्या किंवा लुगड्याच्या चिंध्या, वाया गेलेला दात घासायचा ब्रश, आणि तुराटीच्या दोन-तीन सरळ काड्या. तुराटी मुद्दाम सांगतो, कारण ती वाटीच्या खाचेत नेमकी शिरते आणि पोलादावर ओरखडा काढत नाही.

ग्रीस ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतं. चाकाच्या बेअरिंगचं लिथियम ग्रीस मागा. एपी-३ म्हटलं तरी दुकानदाराला कळतं. आपल्याकडचं ४५-४६ अंशांचं ऊन त्याला काही करत नाही, ते वितळायला १८० अंशांच्या आसपास तापमान लागतं. काळं ग्रॅफाइट ग्रीस पाट्यांच्या स्प्रिंगसाठी असतं, ते घेऊ नका. मोठा डबा घ्यायचीही गरज नाही. शेजाऱ्याकडे ट्रॅक्टर असेल तर त्याच्या डब्यातून वाटीभर मागा. मात्र डबा उघडा पडून त्यात धूळ बसलेली असेल तर वरचा थर बाजूला सारून आतलं घ्या.

छर्रे नवे आणूनच कामाला बसा. ते इतके स्वस्त असतात की जुने वाचवण्यात अर्थ नाही. साध्या सायकलीत पुढच्या हबला ३/१६ इंचाचे आणि मागच्याला १/४ इंचाचे छर्रे असतात. सुताच्या हिशेबात, म्हणजे इंचाचे आठ सूत धरले तर, पुढचे दीड सूत आणि मागचे दोन सूत, मिलिमीटरमध्ये ४.७६ आणि ६.३५. पुढे सहसा एका बाजूला १०, मागे एका बाजूला ९. दुकानात जाताना शक्य असेल तर जुना एखादा छर्रा नमुन्याला न्या, कारण काही हबमध्ये या दोन्हींच्या मधलं ७/३२ चं माप निघतं आणि नुसत्या नजरेला ते ओळखू येत नाही. पाच-दहा जास्त घ्या. अंगणात सांडलेला छर्रा कोंबडीला आधी सापडतो, आपल्याला नंतर.

सामान मिळणार नाही अशी काळजी जुन्या सायकलवाल्यांनी करू नये. अॅटलस सायकल कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद झाला तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं की आता घरची अॅटलस भंगारात जाणार. पण काळ्या सायकलीचे कोन, छर्रे, एक्सल कंपनी कुठलीही असो, बहुतेक एकाच मापाचे असतात, आणि लुधियानाहून ते आजही येतात.

पुढचं चाक, क्रमाने

पहिल्यांदा करणार असाल तर पुढच्या चाकानेच सुरुवात करा. चेन नाही, फ्रीव्हील (चेनचं मागचं दातेरी चक्र) नाही, चुकलं तरी निस्तरता येतं.

१. दांड्यांच्या ब्रेकची सायकल असेल तर ब्रेकचा चाप सैल करून रबर बाजूला घ्या, नाहीतर रिम त्यात अडकते. मग दोन्ही नट सोडवा. गंजलेले असतील तर आदल्या रात्री दोन थेंब डिझेल सोडून ठेवा.

२. नटामागचे वायसर, मडगार्डची तार, जे काही निघेल ते निघालं त्याच क्रमाने एका तारेत ओवत जा. मोबाईल असेल तर प्रत्येक टप्प्याला फोटो काढा. उलटा बसवलेला वायसर हे नंतरच्या अर्ध्या तक्रारींचं मूळ असतं.

३. चाक काढून ताटलीवर आडवं धरा. दोन कोनांपैकी एक एक्सलवर घट्ट बसलेला असतो, दुसरा पान्याने फिरतो. फिरणारा कोन कोणता हे पाहून घ्या आणि पुन्हा बसवताना त्याच बाजूला ठेवा. काही हबमध्ये कोनाच्या बाहेर आणखी एक पातळ नट असतो, तो आधी सोडवायचा: कोन पातळ पान्याने धरायचा आणि बाहेरचा नट दुसऱ्या पान्याने डावीकडे फिरवायचा.

४. कोन निघाला की एक्सल दुसऱ्या बाजूने हळूच ओढून घ्या. छर्रे पडतील, म्हणूनच ताटली खाली हवी. जे आत चिकटून राहतील ते तुराटीने बाहेर ढकला. किती निघाले ते दोन्ही बाजूंचे वेगवेगळे मोजा. छर्रे पत्र्याच्या जाळीत अडकवलेले असतील तर जाळीचं तोंड कोणत्या बाजूला होतं याचा फोटो हवाच. जाळी उलटी बसली तर कोन छर्ऱ्याऐवजी पत्र्यावर घासतो.

५. हबच्या तोंडावर पत्र्याची पातळ टोपी असते. नीट पोहोचता येत असेल तर ती काढू नका. काढायचीच असेल तर पेचकसाने एका जागी न उचकटता चहूकडून थोडी थोडी उचला. एकदा वाकडी झाली की फट राहते आणि सगळी धूळ तिथूनच आत जाते.

६. वाट्या, कोन, एक्सल डिझेलने धुवा. ब्रशने पहिला थर, मग चिंधी, मग तुराटीच्या टोकाला चिंधी गुंडाळून वाटीच्या खाचेतून फेर. नळीच्या आतूनही चिंधी ओढून घ्या. चिंधी स्वच्छ निघेपर्यंत हे करायचं. मग सगळं कोरडं पुसून थोडा वेळ उन्हात ठेवा. डिझेल आत राहिलं तर नवं ग्रीस पातळ होतं.

७. आता कोन उजेडात धरून बघा. छर्रे जिथून फिरतात तिथे एक चकचकीत पट्टा दिसेल, तो असायचाच. त्या पट्ट्यावर रिकाम्या रिफिलचं टोक हळू फिरवा. टोक कुठे अडखळलं तर तिथे खड्डा आहे आणि तो कोन बदलायचा. वाटीलाही तसंच करा. डोळ्यांपेक्षा रिफिल जास्त खरं सांगते.

८. वाटीत ग्रीस भरा, बोटाने खाचेत दाबून. हात स्वच्छ हवेत. छर्रे एकेक करून ग्रीसमध्ये बसवा. ते चिकटून राहतात. सगळे बसले की मध्ये थोडी मोकळी जागा उरली पाहिजे, पण पूर्ण एक छर्रा मावेल इतकी नको. दाटीवाटीने बसत असतील तर एक काढून घ्या. आधीच्या माणसाने किती भरले होते यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचं कारण नाही. जुने आणि नवे छर्रे एका वाटीत मिसळू नका. नवे किंचित मोठे असतात, मग सगळा भार त्यांच्यावरच जातो.

९. वरून पुन्हा ग्रीसचा थर द्या, कोनालाही चोपडा. घट्ट कोन असलेला एक्सल त्याच्या बाजूने आत घाला, तो वाटीला टेकवून धरा आणि चाक जपून उलटं करा. दुसरी बाजूही तशीच भरा आणि फिरणारा कोन बोटांनी फिरवत छर्ऱ्यांना टेकेपर्यंत आणा.

कोन लावणं

खरं कसब इथे आहे. वरचं सगळं कोणीही करील. पण कोन किती कसायचा हे हाताला समजायला थोडा वेळ लागतो. आमच्याकडच्या मिस्त्रीचं एकच वाक्य: “कोन कसाचा नाई भाऊ, टेकवाचा.”

बोटांनी कोन टेकेपर्यंत आणा, मग साधारण पाव फेरा मागे घ्या. एक्सल बोटांत धरून फिरवा आणि वर-खाली हलवा. किंचित खटखट लागली पाहिजे. आता थोडं थोडं पुढे घेत जा, प्रत्येक वेळी फिरवून आणि हलवून बघत. खटखट जवळजवळ गेली पण पुरती गेली नाही, अशा जागी थांबायचं.

पुरती का घालवायची नाही, त्याला कारण आहे. कोनाच्या आणि एक्सलच्या आट्यांमध्ये अगदी थोडी सैल जागा असते. कोन नुसता टेकलेला असतो तेव्हा छर्रे त्याला बाहेर ढकलून धरतात. पण बाहेरचा नट कसला की तो कोनाला आत दाबतो आणि ती सैल जागा संपते. म्हणजे नट कसताना कोन न फिरताही केसभर आत सरकतो. तुम्ही आधीच एकदम बरोबर लावला असेल तर नट कसल्यावर तो जास्त घट्ट होईल. नवशिके नेमके इथे फसतात: हातात चाक छान फिरतं, सायकलला लावलं की जड.

ज्या हबला कोनावरचा वेगळा नट असतो, तिथे कोन पातळ पान्याने जागेवर धरून तो नट कसा आणि मग पुन्हा तपासा. घट्ट वाटला तर नट सोडून कोन थोडा मागे, सैल वाटला तर थोडा पुढे. तीन-चार वेळा असं करावं लागलं तर काही बिघडत नाही. वेगळा नट नसेल, जसा बऱ्याच काळ्या सायकलींच्या पुढच्या हबला नसतो, तर चिमट्याची पट्टीच कोनाला दाबून धरते. मग चाक चिमट्यात बसवून, एका बाजूचा नट पुरता कसून, दुसऱ्या बाजूला कोन पान्याने धरत नट कसायचा आणि खटखट चाकावरच तपासायची.

शेवटची तपासणी सायकलवर. रिम धरून हलवा: बोटाला नुसती चाहूल लागली तरी चालेल, दिसण्याइतकं हलायला नको. मग व्हॉल्व बाजूला आणून सोडून द्या. नवं ग्रीस जाड असतं, त्यामुळे पहिल्या दिवशी चाक मनासारखं झुलणार नाही. एक-दोन दिवसांच्या चालीत ते मोकळं होतं. पण अडखळत थांबत असेल तर कोन घट्ट आहे, पुन्हा उघडा.

कोनाच्या कडेने बाहेर आलेलं ग्रीस सगळं पुसून टाकू नका. जिथे कोन हबमध्ये शिरतो तिथे एक बारीक कडं राहू द्या, ते पाणी आणि धूळ अडवतं. पावसाळा संपला की तेवढंच पुसून नवं लावलं तरी खूप.

मागचं चाक

मागचं चाक तत्त्वाने तसंच, सामान जास्त. स्टँड, कॅरिअरच्या पट्ट्या, मडगार्डच्या तारा, चेन ताणणारे पट्टे, सगळं एकाच एक्सलवर. इथे तारेत ओवायची सवय कामाला येते. चेन फ्रीव्हीलवरून उतरवून बाजूला अडकवा. चेनकव्हर पूर्ण असेल तर त्याचा मागचा तुकडा काढावा लागतो.

फ्रीव्हील काढायची गरज नाही. काढायला वेगळं अवजार लागतं आणि साध्या सफाईसाठी त्याच्याशिवाय भागतं. डाव्या बाजूचा, म्हणजे चेन नसलेल्या बाजूचा कोन सोडवा आणि एक्सल उजवीकडून, फ्रीव्हीलच्या बाजूने ओढून काढा. उजवीकडची वाटी फ्रीव्हीलच्या भोकात खोल असते. तिथे बोट जात नाही, म्हणून तुराटीच्या टोकाला ग्रीस लावा, त्याला छर्रा चिकटवा आणि आत नेऊन बसवा. सुरुवातीला चिडचिड होते, तिसऱ्या-चौथ्या छर्ऱ्याला हात बसतो. धुताना फ्रीव्हीलमध्ये डिझेल ओतू नका, त्याच्या आतही बारीक छर्रे आणि कुत्रे (दात्यांत अडकणारे खटके) असतात. चिंधी ओली करून वाटीपुरतंच पुसा.

कोन लावायचा तो डाव्याच बाजूने. चाक परत बसवताना चेनला मधोमध अर्ध्या इंचाची ढील ठेवा आणि चाक फ्रेमच्या दोन्ही दांड्यांच्या बरोबर मधोमध आहे ना, ते पाहा. मागच्या एक्सलवर भार जास्त असल्याने तो वाकलेलाही निघतो. काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर घरंगळवून बघा. डुलत गेला तर बदला. वाकड्या एक्सलवर कोन कसाही लावला तरी अर्ध्या फेऱ्यात सैल आणि अर्ध्या फेऱ्यात घट्टच लागणार.

त्यानंतरची देखभाल

काम झाल्यावर दोन-चार दिवसांनी नट एकदा तपासा, नवे छर्रे बसले की किंचित ढील येते. सायकल धुताना ओलिताच्या मोटारीचा पाइप हबवर धरू नका. मोटारसायकल धुणाऱ्याकडच्या जोराच्या फवाऱ्यासमोर तर सायकल नेऊच नका, टोपी आणि कोन यांच्या मधल्या फटीतून पाणी सरळ आत जातं. बादलीभर पाणी आणि चिंधी पुरते. चिखल वाळल्यावर खरवडण्यापेक्षा ओला असतानाच हबच्या बाजूचा पुसून घेतलेला बरा. गंज सोडवायचे फवारे नटांवर मारा, कोनाच्या फटीत नको. ते ग्रीस धुऊन काढतात.

उरलेलं घाण डिझेल विहिरीजवळ किंवा वावरात ओतू नका. बाटलीत ठेवा, माती तळाशी बसली की वरचं नितळ पुढच्या वेळी पहिल्या धुण्याला चालतं. छर्रे सांडून गेले असतील तर जुन्या स्पीकरचं चुंबक चिंधीत गुंडाळून अंगणात फिरवा. सापडलेले मात्र धुऊनच वापरा, चुंबकाने त्यांना लोखंडी कीस चिकटतो.

वाटीलाच खड्डा पडलेला निघाला तर घरच्या कामाची हद्द तिथे संपते. वाटी ठोकून काढावी लागते, नवी सरळ दाबून बसवावी लागते, आणि काही हबची वाटी वेगळी मिळतच नाही. मग हबच बदलायचा, म्हणजे सगळे स्पोक काढून चाक नव्याने बांधून सरळ करणं आलं. ते मिस्त्रीकडे द्या. जाताना छर्रे आणि कोन तुमचे नवे असतील तर तसं त्याला सांगा, तो तेच परत घालील. आणि बाजाराच्या दिवशी नेऊ नका, त्या दिवशी त्याच्याकडे पंक्चरवाल्यांचीच रांग असते.